प्रकल्प नोंदी: फील्डवरचे क्वाड्रॅटिक फॉर्म (चाळीसगाव, जानेवारी ते मे २०२५)

६ जानेवारी, सोमवार

विषय ठरला. म्हणजे मॅडमनी ठरवला, मी मान डोलावली: फील्डवरच्या क्वाड्रॅटिक फॉर्मचा बीजगणिती सिद्धांत. (फील्ड म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि शून्य सोडून भागाकार करता येणारी संख्यांची व्यवस्था.) एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला वर्गातल्या बहुतेकांनी ग्राफ थिअरी घेतली, कारण मागच्या बॅचचे प्रकल्प हाताशी आहेत. माझ्या विषयाचं आधीचं बाड कॉलेजात कुणाकडेच नाही.

मॅडमच्या दोन अटी. एक, शेवटी काहीतरी चालणारं दाखवायचं: परिमेय सहगुणकांचा फॉर्म दिला की सगळे चल शून्य न ठेवता त्याला शून्य गाठता येतं का, हे सांगणारा पायथॉनचा प्रोग्राम. दुसरी अट या वहीची. "चूक झाली तर खोडू नकोस. खाली तारीख टाक आणि पुढे जा."

संध्याकाळी ओट्यावर बसून हे लिहीत होते तर आजी म्हणाली, "काय लिखी ऱ्हायनी वं माय?" म्हटलं, वर्गांचा हिशेब. तिला वाटलं शाळेतले वर्ग. मी समजावत बसले नाही.

९ जानेवारी

सुरुवात नववी-दहावीच्या गणितानेच झाली. ज्याच्या प्रत्येक पदाचा एकूण घात दोन, तो क्वाड्रॅटिक फॉर्म. उदाहरणार्थ क्ष² + ४क्षय + य². पूर्ण वर्ग केला की (क्ष + २य)² − ३य². नवे चल घेतले की मधलं पद गेलं, उरलं ⟨१, −३⟩, म्हणजे नुसते वर्गांचे सहगुणक. कितीही चल असोत, असंच एकेक सोडवत गेलं की फॉर्म शुद्ध वर्गांचा होतो. फक्त २ ने भागता यायला हवं, म्हणून कॅरॅक्टरिस्टिक २ ची (जिथे १ + १ = ०) फील्ड पहिल्याच पानावर बाजूला ठेवली.

सहगुणकाला एखाद्या वर्गाने गुणलं तर फरक पडत नाही: १२ आणि ३ एकच, कारण ४ हा वर्ग चलात मुरतो. म्हणजे शून्येतर संख्यांचे गट पडतात, एका गटातल्या दोघांत फक्त वर्गाचा फरक. वास्तव संख्यांत असे २ गट, धन आणि ऋण. विषम मूळसंख्या पी इतके घटक असलेल्या सांत फील्डमध्ये २. पी-अ‍ॅडिक संख्यांत, म्हणजे मूळसंख्या पी ने किती भाग जातो यावरून अंतर मोजणाऱ्या संख्यांत, पी विषम असेल तर ४, आणि २-अ‍ॅडिकमध्ये ८. परिमेय संख्यांत अनंत, कारण प्रत्येक मूळसंख्या आपला वेगळा गट घेऊन येते. सगळा त्रास या शेवटच्या ओळीत आहे.

चूक, तारीख वरचीच: मला वाटलं, शेवटी वर्गांपुढे येणारे आकडे ठरलेले असतात. नसतात. (क्ष + य)² + (क्ष − य)² = २क्ष² + २य², म्हणजे ⟨१, १⟩ आणि ⟨२, २⟩ हा एकच फॉर्म वेगळ्या कपड्यांत. ⟨५, ५⟩ सुद्धा तोच, कारण ५ = १ + ४. पण ⟨३, ३⟩ नाही, कारण ३ ही दोन परिमेय वर्गांची बेरीज होत नाही. दोन फॉर्म एकच आहेत का, हे नुसतं बघून कळत नाही. प्रकल्प तिथूनच सुरू होतो.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन आटोपून भावाच्या गाडीवर पाटणादेवीला गेलो. चाळीसगावहून अठरा-वीस किलोमीटर. धबधब्याला पाणी नावापुरतंच, डोंगर पिवळे पडलेले, देवळात मात्र गर्दी. मी गेले होते शिलालेखाच्या ओढीने. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचा सिद्धान्तशिरोमणी शिकवला जावा म्हणून इथे मठ काढला, निकुंभ राजांनी त्याला उत्पन्न लावून दिलं, ही नोंद त्या लेखात आहे. साल शके ११२८. लेख संस्कृतात, शेवटचा भाग जुन्या मराठीत. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लोकांपुढे आणला.

भास्कराचार्य जन्मले ते विज्जडविड म्हणजे हेच पाटण का, यावर वाद आहे. आमच्याकडे तो वाद कुणी ऐकून घेत नाही. मला मठच पुरेसा आहे. माझ्या गावापासून तासाभराच्या वाटेवर, तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, कुणीतरी बीजगणित शिकवायला पगार द्यायची सोय केली होती.

परतताना ठरवून टाकलं: प्रकल्पाचं पहिलं प्रकरण भास्कराचार्यांवर.

२८ जानेवारी

वर्गप्रकृती: ज्येष्ठाच्या वर्गातून प्रकृती गुणिले कनिष्ठाचा वर्ग वजा केला की १ उरावा. प्रकृती ही दिलेली संख्या, ज्येष्ठ आणि कनिष्ठ हे शोधायचे पूर्णांक. प्रकृती ६१ घेतली तर सगळ्यात लहान उत्तर: ज्येष्ठ १७६६३१९०४९, कनिष्ठ २२६१५३९८०. भास्कराचार्यांनी ११५० साली हे चक्रवाल रीतीने, म्हणजे फेऱ्याफेऱ्यांनी उत्तराकडे जात, काढलं. १६५७ साली फर्माने युरोपातल्या गणित्यांपुढे नेमकी ६१ हीच संख्या टाकली.

मी हाताने करून पाहिलं. सुरुवात ८² − ६१ × १² = ३. पुढच्या फेरीत ३९² − ६१ × ५² = १५२१ − १५२५ = −४. क्षेप (वजाबाकीनंतर उरलेली संख्या) −४ आला की ब्रह्मगुप्ताची आडवाट मिळते आणि उत्तर झपाट्याने येतं. दोन पानं भरली, मन भरलं.

२९ जानेवारी

मॅडमनी ती दोन्ही पानं एका मिनिटात वाचली. "छान आहे. पण याचं काम काय? हा पूर्णांकांचा प्रश्न. आपण फील्डमध्ये आहोत, तिथे भागाकार फुकट मिळतो." त्यांनी फळ्यावर लिहिलं: (१, ०) हे उत्तर आधीच माहीत आहे, त्या बिंदूतून रेषा काढ, ती वक्राला आणखी एका ठिकाणी छेदते, ते दुसरं परिमेय उत्तर. रेषेगणिक एक. ६१ चा दरारा परिमेय संख्यांत शिल्लकच राहत नाही.

"काम करणार असेल तर ठेव. नुसता फोटो लावायचा असेल तर काढ."

काढलं. रागही आला, लिहून ठेवते.

३ फेब्रुवारी

जर्मन गणिती एर्न्स्ट विट, १९३७. तोपर्यंत क्वाड्रॅटिक फॉर्म हे आकड्यांचं प्रकरण होतं. विटने कुठल्याही फील्डवर चालेल अशी भूमिती त्याला दिली आणि एका फील्डवरच्या सगळ्या फॉर्मना मिळून एक रिंग (बेरीज, वजाबाकी, गुणाकार चालणारी रचना) बांधली.

मुख्य मुद्दा असा. काही फॉर्म सगळे चल शून्य नसतानाही शून्य किंमत घेतात. त्यांना आयसोट्रॉपिक म्हणतात. सगळ्यात साधा ⟨१, −१⟩, म्हणजे क्ष² − य². दोन्ही चलांना सारखी किंमत द्या, शून्य. याला हायपरबोलिक प्लेन म्हणतात. कुठल्याही (डिटर्मिनंट शून्य नसलेल्या) आयसोट्रॉपिक फॉर्ममधून असा एक प्लेन सुटा काढता येतो. उरलेला पुन्हा आयसोट्रॉपिक असेल तर आणखी एक. असं करत शेवटी उरतो तो गाभा, आणि विटचं रद्दीकरण प्रमेय सांगतं की कुठल्याही वाटेने गेलात तरी गाभा तोच. हायपरबोलिक प्लेनची किंमत शून्य धरली की गाभ्यांची बेरीज-गुणाकार करता येतो. ती विट रिंग.

जेवताना आप्पांना सांगून पाहिलं. आप्पा मार्केट यार्डात अडत दुकानावर मुनीम आहेत, तीस वर्षं झाली. म्हणाले, "जमा आणि नावे समोरासमोर सारखे आले की दोन्ही ओळी मारायच्या. बाकी काय राहिली ते खरं. यात नवीन काय?" नवीन हे की बाकी नेहमी तीच निघते याला पुरावा लागतो. आप्पा म्हणाले, हिशेबात तीच निघते, नाहीतर मुनीम बदलतात.

१५ फेब्रुवारी

घरी दादर (रब्बी ज्वारी) काढायला आली आहे. सकाळी शेतात, दुपारी वही.

छोट्या फील्डच्या विट रिंग हाताने काढल्या. सगळ्यात गोड ३ घटकांची. तिथे १ + १ + १ = ०, म्हणून ⟨१, १, १⟩ आयसोट्रॉपिक. एक प्लेन काढला की ⟨−१⟩ उरतो. ⟨१, १⟩ मात्र आयसोट्रॉपिक नाही, कारण −१ तिथे वर्ग नाही. म्हणजे एक ⟨१⟩, दोन, तीन, आणि चौथ्याला शून्य: चार तासांचं घड्याळ. ५ घटकांच्या फील्डमध्येही विट रिंगचे घटक चारच, पण तिथे −१ हा २ चा वर्ग आहे, म्हणून ⟨१, १⟩ लगेच शून्य होतो आणि घड्याळाऐवजी प्रत्येक घटक स्वतःशी मिळवला की शून्य येतो. वास्तव संख्यांची विट रिंग म्हणजे सरळ पूर्णांक, संमिश्र संख्यांची दोन घटकांची.

आठवडाभराचं काम, पण टंकल्यावर दीड पान होतं.

२२ फेब्रुवारी

पी-अ‍ॅडिक संख्या. हेन्सेलने १८९७ साली आणल्या. मूळसंख्येच्या वाढत्या घातांनी जितकं जास्त भाग जाईल तितकी संख्या शून्याच्या जवळ. सवय व्हायला वेळ लागला, अजून पूर्ण झाली नाही.

कशासाठी लागतात: मिन्कोव्हस्कीच्या पायावर हासेने १९२० च्या सुमारास उभं केलेलं प्रमेय. परिमेय सहगुणकांचा फॉर्म परिमेय संख्यांत शून्य गाठतो, तो वास्तव संख्यांत आणि प्रत्येक पी-अ‍ॅडिक फील्डमध्ये गाठत असेल तरच, आणि तसं असेल तर नक्की गाठतो. एका मोठ्या प्रश्नाचे अनेक छोटे प्रश्न, आणि प्रत्येक छोट्याला उत्तर ठरावीक पायऱ्यांत. शिवाय सहगुणकांना न भागणाऱ्या विषम मूळसंख्यांपाशी तीन किंवा जास्त चलांना काहीच अडत नाही, म्हणून तपासायच्या जागा मोजक्याच.

प्रोग्राम यावरच उभा राहणार. मधलं हत्यार हिल्बर्ट चिन्ह (अ, ब): झ² = अक्ष² + बय² याला त्या फील्डमध्ये शून्येतर उत्तर असेल तर +१, नसेल तर −१. विषम पी साठी एक सूत्र, २ साठी वेगळं आणि थोडं कटकटीचं.

२ मार्च, रविवार

प्रोग्राम लिहिला. तपासणीही जागेवरच होती: अ आणि ब परिमेय घेतले तर सगळ्या जागांवरच्या हिल्बर्ट चिन्हांचा गुणाकार नेहमी +१ येतो. गाऊसचा क्वाड्रॅटिक रेसिप्रॉसिटीचा नियमच या एका ओळीत बसतो.

−१० ते १०, शून्य सोडून वीस आकडे. वीस गुणिले वीस, चारशे जोड्या. पहिल्या फेरीत उत्तरं २, ६, १२ अशी काहीही. ते लवकर सापडलं: घातांकाचा आदेश ३ ने भागून बाकी देताना −१ ऐवजी २ देतो, ७ च्या वेळी ६. दुरुस्त केलं.

दुसऱ्या फेरीत ३०० जोड्या बरोबर, १०० चूक. २ चं सूत्र चुकलं असणार म्हणून तेच पाच वेळा तपासलं. मग व्हॅल्युएशनचा, म्हणजे संख्येतला मूळसंख्येचा घात मोजणारा, लूप. मग लाइट गेली, बॅटरी नऊ टक्के. झोपले.

३ मार्च

सकाळी चहा घेताना आप्पांनी विचारलं, काल रात्री एवढ्या उशिरापर्यंत काय चाललं होतं. म्हटलं, तेरीज जुळत नाही. हा शब्द त्यांचाच. महिन्याअखेर खतावणीतल्या सगळ्या खात्यांच्या बाक्या एका कागदावर मांडतात, ती तेरीज.

"किती फरक?"

"चारशेतले शंभर चूक. बरोब्बर शंभर."

आप्पा कप खाली ठेवून म्हणाले, "मग रकमा तपासत बसू नको. रकमेची चूक असली की फरक वेडावाकडा येतो. इतका गोल फरक आला म्हणजे एक खातंच उचलायचं राहिलंय."

तिथेच कळलं. वीस आकड्यांत दहा ऋण. दोन्ही ऋण अशा जोड्या दहा गुणिले दहा, शंभर. मूळसंख्या सगळ्या घेतल्या होत्या. वास्तव संख्यांची जागा, जिला अनंत म्हणतात, ती घ्यायची राहिली होती. तिथलं चिन्ह दोन्ही ऋण असतानाच −१ असतं, एरवी +१. म्हणून तीनशे जोड्यांना ती विसरल्याचं जाणवलंच नाही.

दोन ओळी टाकल्या. चारशेपैकी चारशे.

नमुना म्हणून एक इथे टाकते. (−१, ३): ३ पाशी −१, २ पाशी −१, अनंतापाशी +१, बाकी सगळीकडे +१. गुणाकार +१. आणि ३ पाशी −१ आल्याने क्ष² + य² = ३झ² ला परिमेय उत्तर नाही, हे ९ जानेवारीचं विधान प्रोग्रामनेही मान्य केलं. मजा म्हणजे तीन चलांच्या फॉर्मला तेरजेमुळे नकार कधीच एकट्या जागेवरून येत नाही. ३ नाही म्हणाला तर आणखी कुणालातरी म्हणावंच लागतं.

१४ मार्च

धुळवड. काम नाही.

१७ मार्च

चार चलांचा भाग. चाचणीला जुना मित्र: ७ ही तीन परिमेय वर्गांची बेरीज होते का, म्हणजे ⟨१, १, १, −७⟩. प्रोग्राम म्हणाला नाही, आणि अडचण फक्त २ पाशी. मला कारण हवं होतं.

२-अ‍ॅडिक संख्यांत, ८ ने भागून बाकी १ उरणारी प्रत्येक विषम संख्या वर्ग असते. −७ = −८ + १. म्हणजे −७ तिथे वर्ग आहे! मग आपला फॉर्म तिथे ⟨१, १, १, १⟩ च झाला. आता चार वर्गांची बेरीज शून्य होईल का? छेद काढून टाका, चारही सम असतील तर २ ने भागत राहा, निदान एक विषम उरेपर्यंत. विषम वर्ग ८ ने भागला की बाकी १, सम वर्गाची ० किंवा ४. एक किंवा तीन विषम असतील तर बेरीज विषम. दोन असतील तर बाकी २ किंवा ६. चारही विषम असतील तर ४. शून्य कधीच नाही.

पाच ओळींचा पुरावा, एकही सूत्र पाठ न करता. हे पान मी मॅडमना न विचारता प्रकल्पात घातलं.

याचाच दुसरा अर्थ: २-अ‍ॅडिक संख्यांत −१ ही तीन वर्गांची बेरीज नाही. चारची मात्र आहे: −७ चा वर्गमूळ घ्या, त्याच्या वर्गात १ + १ + ४ मिळवले की −१. −१ लिहायला कमीत कमी जितके वर्ग लागतात त्याला फील्डची लेव्हल म्हणतात. संमिश्र संख्यांची लेव्हल १, ३ घटकांच्या फील्डची २, २-अ‍ॅडिकची ४.

१, २, ४. मग लेव्हल ३ कुठे आहे?

९ एप्रिल

ऊन वाढलंय. दुपारी बारा ते चार पंख्याखाली बसणं एवढंच काम होतं. पहाटे पाचला उठून लिहिते.

लेव्हल ३ नाहीच. हा पुरावा मी तीन वेळा वेगवेगळ्या कागदांवर लिहिला, विश्वास बसेना इतका छोटा आहे. समजा −१ = अ² + ब² + क². एक वर्ग पलीकडे न्या: १ + अ² = −(ब² + क²). डावी बाजू शून्य असेल तर −१ स्वतःच वर्ग, लेव्हल १. नसेल तर −१ = (ब² + क²) भागिले (१ + अ²). आता वर-खाली (१ + अ²) ने गुणा. छेदात पूर्ण वर्ग आला. अंशात दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार. आणि दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो. म्हणजे −१ दोन वर्गांतच बसला. कुठलीही फील्ड घ्या, तीनवर थांबताच येत नाही. तीन आले की दोन होतातच.

शेवटून दुसरं वाक्य लिहिताना पेन थांबलं. दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार म्हणजे समासभावना. ब्रह्मगुप्त, इसवी सन ६२८:

(अ² − नब²)(क² − नड²) = (अक + नबड)² − न(अड + बक)²

न च्या जागी −१ ठेवा. जानेवारीत खोडलेल्या त्या दोन पानांतलीच ओळ, आणि मी ती महिनाभर दुसऱ्या नावाने वापरत होते. हिल्बर्ट चिन्हाच्या गुणाकाराच्या नियमातही हीच: ब आणि भ दोन्ही क्ष² − अय² च्या किमती असतील तर बभ सुद्धा. उणे-उणे अधिक व्हायला पी-अ‍ॅडिक फील्डचा खास गुण लागतो, पण अधिक-अधिक अधिक आणि अधिक-उणे उणे एवढं भावना एकटी देते, कुठल्याही फील्डवर.

१० एप्रिल

मग ६१ कडेही परत गेले. मॅडमची रेषेची युक्ती: (१, ०) मधून जाणारी रेषा, ट ही तिच्या उताराची ६१ पट. दुसरा बिंदू येतो क्ष = (ट² + ६१)/(ट² − ६१), य = २ट/(ट² − ६१). ट = ८ घातला: १२५/३ आणि १६/३. पडताळा: १५६२५ − ६१ × २५६ = १५६२५ − १५६१६ = ९, भागिले ९, एक.

आता ब्रह्मगुप्ताच्या रीतीने. (८, १), क्षेप ३. त्याची त्याच्याशीच भावना, म्हणजे तुल्यभावना: (१२५, १६), क्षेप ९. क्षेपाच्या मुळाने भागा: १२५/३, १६/३.

आकडे तेच, कारण रीत तीच. फळ्यावरची रेषा आणि तुल्यभावना या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, आणि (१, ०) सोडून सगळी परिमेय उत्तरं यातूनच येतात. हिल्बर्टच्या ९० व्या प्रमेयाचं हे सगळ्यात लहान रूप. मॅडमना फोन करावासा वाटला, पहाटेचे सहा वाजले होते.

१६ एप्रिल

फिस्टर. मागचा पुरावा दोन वर्गांवर चालला. चार वर्गांसाठी तशीच ओळख ऑयलरने १७४८ साली दिली, आठसाठी देगेनने १८१८ साली. म्हणून लेव्हल ५, ६, ७ बाद, आणि आठनंतर १५ पर्यंत सगळ्या बाद. सोळासाठी? १८९८ साली हुर्विट्झने दाखवलं की अशी ओळख १, २, ४, ८ लाच असते, पुढे नाही. हुर्विट्झच्या ओळखीत एक अट असते: उजवीकडचे वर्ग दोन्ही बाजूंच्या चलांत सरळ गुणाकाराने तयार व्हायला हवेत, छेद चालत नाही.

१९६५ साली आल्ब्रेख्ट फिस्टरने ती अटच बाजूला ठेवली. आपण फील्डमध्ये आहोत, भागाकार आहे, मग तो वापरा. सोळा वर्गांच्या बेरजा, बत्तीसच्या, २ च्या कुठल्याही घाताइतक्या वर्गांच्या बेरजा: दोघींचा गुणाकार पुन्हा तितक्याच वर्गांची बेरीज. पुराव्यात चौकोनाचे चार तुकडे करून मॅट्रिक्स बांधतात; तीन तुकडे आयते मिळतात, चौथ्यात एका बेरजेने भागावं लागतं, आणि छेद तिथून शिरतो. त्यामुळे लेव्हल सांत असेल तर ती २ चा घातच. व्हान डेर वेर्डेनने विचारलेला प्रश्न सुटला तो असा.

मला यात राहून राहून २९ जानेवारीचं मॅडमचं वाक्य ऐकू येतं: तिथे भागाकार फुकट मिळतो. तेव्हा ते मला भास्कराचार्यांच्या विरोधात वाटलं होतं.

या जातीच्या फॉर्मना आता फिस्टर फॉर्म म्हणतात आणि विट रिंगचं बरंचसं आधुनिक काम त्यांच्यावर चालतं. मिलनॉरने १९७० साली त्यांना के-थिअरी या गणिताच्या दुसऱ्या शाखेशी जोडणारा तर्क मांडला, तो सोडवण्याच्या कामासाठी व्होएव्होड्स्कीला २००२ साली फील्ड्स पदक मिळालं. आपल्याकडचं नाव रमण परिमाला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कितीतरी वर्षं होत्या. पी-अ‍ॅडिक फील्डवर पाच चलांचा फॉर्म शून्य गाठतोच. त्यात एक चल मिसळून परिमेय फलनांचं फील्ड केलं तर किती चलं पुरेत? परिमाला आणि सुरेश यांनी २०१० साली छापलेल्या निबंधात पी विषम असताना उत्तर दिलं: नऊ. हा पुरावा माझ्या आवाक्याबाहेर आहे, विधान तेवढं प्रकल्पात घातलं.

२१ एप्रिल

कच्चा मसुदा दिला. भास्कराचार्यांचं प्रकरण परत घातलं, पण सुरुवातीला नाही, शेवटून दुसरं, फिस्टरच्या आधी. शीर्षक दिलं "भावना".

२५ एप्रिल

मसुदा परत आला. लाल पेन भरपूर. "भावना" प्रकरण ठेवलं आहे, तीन दुरुस्त्यांसह.

"भास्कराचार्यांनी या सिद्धांताचा पाया घातला" हे वाक्य पूर्ण खोडलं. समासात: "कोणता सिद्धांत? भावना ब्रह्मगुप्ताची, ६२८. चक्रवालही त्यांच्या आधी गणिती जयदेवाकडे आहे. भास्कराचार्यांनी जे केलं ते मोठंच आहे, त्यांच्या खात्यावर दुसऱ्याची जमा कशाला?" ही दुरुस्ती वाचून वाईट वाटलं आणि पटलीही.

दुसरी, पाटणादेवीचा फोटो काढला. तिसरी, १० एप्रिलच्या आकडेमोडीखाली फक्त एक बरोबरची खूण. मॅडम खुणा करत नाहीत सहसा.

३० एप्रिल, बुधवार

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आत्या आल्या, चुलत बहिणी आल्या, निंबाला झोका बांधला. आई खापरावर मांडे टाकत होती, मी आंबे पिळत होते. हातावर घेऊन वाढवत वाढवत रुमालाएवढा झालेला मांडा ती उलट्या खापरावर टाकते तेव्हा बोलायचं नसतं. बोललं की फाटतो म्हणते. मी बोलले नाही, तरी एक फाटला.

संध्याकाळी सगळे झोपल्यावर प्रोग्राम शेवटचा चालवला. पाच चलांचे फॉर्म, सगळे सहगुणक धन: नकार, फक्त अनंतापाशी. एकाचं चिन्ह बदललं: होकार. पाच किंवा जास्त चलं असली की परिमेय संख्यांत अडवणारी जागा ती एकच उरते.

८ मे

बांधणी झाली. निळं पुठ्ठं, सोनेरी अक्षरं, चार प्रती. तोंडी परीक्षा पुढच्या आठवड्यात.

एक प्रत घरी आणली. आप्पांनी चष्मा लावून ऋणनिर्देशाचं पान काढलं, बाकी काही उघडलं नाही. तिथे मी लिहिलंय की तिसऱ्या प्रकरणातली चूक वडिलांनी हिशेबातल्या तेरजेच्या अनुभवावरून शोधली. आप्पांनी दोनदा वाचलं. मग खिशातून पेन्सिल काढून माझ्या "तेरिज" या शब्दावर हलकेच दुसरी वेलांटी दिली.

बाकीच्या तीन प्रती उद्या हातानेच दुरुस्त कराव्या लागणार.